बोन मॅरोच्या स्टेम सेलपासून रक्तवाहिनीचं अस्तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर मला तेच तेच प्रश्न परत परत विचारले जातात, काही पहिल्यांदाच पेशी वाढवायची प्लेट हातात घेतलेल्या पोरापोरींचे, काही घरात कुणाचं तरी हार्टचं किंवा पायाचं दुखणं आहे म्हणून काळजीने विचारणाऱ्यांचे. सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. क्रम फार लावलेला नाही, जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबलंय.

हे नेमकं काय असतं, थोडक्यात सांगाल का?

हाडाच्या आतल्या मज्जेतून, म्हणजे बोन मॅरोतून स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी काढायच्या, त्यांना लॅबमध्ये ठराविक खाद्य आणि ठराविक सिग्नल द्यायचे, आणि त्यांचं रूपांतर एंडोथेलियल सेलमध्ये म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये होतंय का ते बघायचं. "होतंय का" हे मुद्दाम लिहिलं. करायचं कसं ते पाच मिनिटांत सांगता येतं, खरंच झालं का यावर लोक पंचवीस वर्षांहून जास्त भांडतायत.

अस्तर तर नुसतं अस्तर, त्यात एवढं काय?

असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि पूर्वी डॉक्टर लोकांनाही वाटायचं, की हे म्हणजे पाइपाच्या आतलं प्लॅस्टिक. प्रत्यक्षात हा एकच पेशीचा थर, केशवाहिनीत तर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ, पण तो रक्त गोठू देत नाही, काय आत सोडायचं काय बाहेर ठेवायचं ते ठरवतो, सूज असेल तिथे पांढऱ्या पेशींना हात दाखवून थांबवतो आणि वाहिनी किती आवळायची किती सैल सोडायची तेही सांगतो. १९८० साली फर्चगॉट आणि झवाडझ्की यांनी दाखवलं की महाधमनीच्या तुकड्याचं अस्तर चुकून घासलं गेलं तर ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन टाकूनही तो तुकडा सैल पडत नाही, अस्तर शाबूत असेल तरच पडतो. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटतंय. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, आणि त्यावर १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. हे इथे सांगायचं कारण म्हणजे पुढे "ही पेशी खरंच एंडोथेलियल आहे का" हा प्रश्न येणार आहे, तेव्हा दिसते कशी यापेक्षा ही सगळी कामं करते का हे विचारायचं असतं.

मग बोन मॅरोच का? दुसरीकडून नाही का घेता येत?

येतात की. १९७३ पासून नाळेच्या शिरेतून एंडोथेलियल पेशी काढून वाढवतायत, आजही प्रत्येक लॅबमध्ये त्याच कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी असतात, ह्युवेक म्हणतात त्यांना. पण मोठ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या पेशी द्यायच्या तर नाळ कुठून आणणार, आणि चांगली रक्तवाहिनी कापून पेशी काढणं म्हणजे एक बुजवायला दुसरं भोक. मॅरो मात्र कमरेच्या हाडातून सुईने ओढता येतो, आणि काही आठवड्यांत भरून येतो.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. गर्भात रक्ताच्या पेशी आणि वाहिन्यांच्या पेशी एकमेकांना अगदी लागून तयार होतात, दोघांचा पूर्वज एकच असावा ही कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. पुढे कळलं की गर्भाच्या महाधमनीच्या तळाशी असलेल्या काही अस्तर पेशी चक्क भिंत सोडून गोल होतात आणि रक्ताच्या स्टेम सेल बनतात. म्हणजे निसर्गात रस्ता अस्तराकडून रक्ताकडे जातो, आपण उलटा जायला बघतोय. लोक हे विसरतात आणि मग सोपं का जात नाही म्हणून वैतागतात.

मॅरोतल्या कुठल्या पेशी वापरतात?

इथे सगळा घोळ आहे, त्यामुळे जरा सावकाश वाचा. "बोन मॅरो स्टेम सेल" असं म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टींपैकी कुठलीही असू शकते.

एक म्हणजे रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल, ज्यांच्यावर टिल आणि मॅककुलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवर मूळ काम केलं, आणि ज्या ट्रान्सप्लांटमध्ये देतात. यांच्यावर सीडी३४ नावाची खूण असते (सीडी आणि पुढे आकडा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एकेका खुणेचं नाव).

दुसऱ्या म्हणजे मेसेंकायमल, एमएससी. या प्लास्टिकला चिकटतात, दिसायला लांबुळक्या, चातीसारख्या. यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा होतं हे नक्की आहे, २००६ साली जी व्याख्या ठरली त्यात ही तिन्ही होणं गरजेचं धरलंय, शिवाय सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ असायला पाहिजे आणि सीडी४५, सीडी३४ नसायला पाहिजे. त्या व्याख्येत एंडोथेलियल कुठेच नाही बरं का. मॅरोत या असतात किती, तर मोनोन्यूक्लियर म्हणजे एकच गोल केंद्रक असलेल्या पेशींमध्ये दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी, म्हणून आधी वाढवाव्या लागतात.

आणि तिसऱ्या म्हणजे ईपीसी, एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न.

ईपीसी वरून एवढं भांडण का?

१९९७ मध्ये असाहारा, इस्नर आणि त्यांच्या टीमने सायन्समध्ये पेपर काढला की मोठ्या माणसाच्या रक्तात फिरणाऱ्या सीडी३४ असलेल्या काही पेशी प्लेटवर अस्तरासारख्या होतात, आणि रक्त अडलेल्या प्राण्यात टोचल्या तर नव्या वाहिन्यांमध्ये सापडतात. तोपर्यंत सगळे धरून चालायचे की मोठेपणी नवी वाहिनी फक्त जुन्या वाहिनीला फांदी फुटूनच होते. त्यामुळे धमाका झाला. पुढच्याच वर्षी कुत्र्यांमध्ये मॅरो ट्रान्सप्लांट करून महाधमनीत डॅक्रॉनची म्हणजे कृत्रिम धाग्याची नळी बसवली, तर नळीच्या आतल्या पेशी डोनरच्या निघाल्या. मग तर प्रत्येक जण ईपीसी मोजायला लागला, कुणाच्या रक्तात किती, सिगरेट ओढली की किती, व्यायाम केला की किती.

आणि मग हळूहळू कळलं की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. २००३ मध्ये दाखवलं गेलं की चार-सात दिवसांत प्लेटवर दिसणाऱ्या या बहुतेक पेशी म्हणजे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज, म्हणजे रक्तातल्याच पांढऱ्या पेशी, फक्त त्या वाहिनीवाढीचे फॅक्टर भरपूर सोडतात. २००७ मध्ये योडर यांच्या गटाने एक-एक पेशी वेगळी वाढवून बघितली. लवकर येणाऱ्या वसाहती बॅक्टेरिया गिळत होत्या, मॅक्रोफेजसारख्या, आणि जॅक२ या जीनचं म्युटेशन असलेल्या, रक्ताच्या आजाराच्या पेशंटमध्ये त्यांच्यातही तेच म्युटेशन सापडलं. उशिरा, दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या ज्या मोजक्या वसाहती असतात, ज्यांना आता ईसीएफसी म्हणतात, त्यांच्यात ते नव्हतं आणि त्या उंदरात खरोखर रक्त वाहणाऱ्या वाहिन्या बनवत होत्या. म्हणजे खऱ्या एंडोथेलियल त्या. पण, आणि हा पण मोठा आहे, २०१९ मध्ये मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटच्या या ईसीएफसी तपासल्या तर त्या डोनरच्या नव्हत्या, पेशंटच्या स्वतःच्या होत्या. म्हणजे त्या मॅरोतून येतच नाहीत, बहुधा वाहिनीच्या भिंतीतूनच सुटतात.

जुना पेपर वाचताना "ईपीसी" शब्द दिसला की पहिलं काम, मेथडमध्ये जाऊन कितव्या दिवशीच्या पेशी घेतल्यात ते बघा. २०१७ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून नावं नीट वापरा म्हणून सांगितलंय, तरी जुनी सवय जात नाही.

प्रत्यक्ष लॅबमध्ये कसं करतात?

एमएससी घेऊन चाललो असं धरू. मॅरो आला की पातळ करून फायकॉल नावाच्या दाट द्रवावर हळूच सोडायचा, १.०७७ घनतेचं असतं ते, सेंट्रिफ्यूज केलं की मध्ये पांढरट ढगासारखी रिंग दिसते, ती पिपेटने उचलायची. (हात हलला की सगळं एक होतं, पहिल्या दोन-तीन वेळा होणारच.) धुवून प्लेटवर टाकायच्या, ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन-तीन दिवसांनी न चिकटलेल्या पेशी ओतून टाकायच्या, उरलेल्या वाढवायच्या. साधारण तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजपर्यंतच्या वापराव्यात (पॅसेज म्हणजे प्लेट भरली की पेशी उचलून नव्या प्लेटवर लावणं), त्यापुढे म्हाताऱ्या होतात, पसरट होतात आणि ऐकत नाहीत.

मग फायब्रोनेक्टिन किंवा जिलेटिनचा लेप दिलेल्या प्लेटवर लावायच्या, सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव, खाद्यात घालतात तो) कमी करायचं, २ टक्क्यांच्या आसपास, आणि व्हीईजीएफ म्हणजे वाहिन्या वाढवणारा सिग्नल द्यायचं, मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम हा आकडा बऱ्याच पद्धतींमध्ये दिसेल. सीरम का कमी, तर जास्त सीरममध्ये पेशी नुसत्या वाढत बसतात, बदलत नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी मीडिया म्हणजे खाद्याचा द्रव बदला. एक ते तीन आठवडे.

व्हीईजीएफ टाकलं की झालं ना?

नाही हो. व्हीईजीएफ म्हणजे हाक, ऐकायला कान पाहिजे. तो कान म्हणजे केडीआर रिसेप्टर, आणि ताज्या एमएससीवर तो जवळजवळ नसतोच, हळूहळू वाढतो. शिवाय एमएससीचा स्वभाव असा की टीजीएफ-बीटा नावाच्या सिग्नलचा वास लागला तरी ती स्नायूपेशीकडे म्हणजे वाहिनीच्या बाहेरच्या थराकडे झुकते, आणि टीजीएफ-बीटा सीरममध्येही असतं आणि पेशी स्वतःही बनवतात. भ्रूणासारख्या स्टेम सेलपासून अस्तर बनवताना म्हणून टीजीएफ-बीटाचा रस्ता अडवणारं औषध घालतात, मग अस्तराचं रूप टिकतं.

आणि तळ किती कडक आहे यानेही फरक पडतो. २००६ मध्ये एंगलर आणि सहकाऱ्यांनी एमएससी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर ठेवल्या, मेंदूएवढ्या मऊवर त्या चेतापेशीसारख्या, मध्यमवर स्नायूसारख्या, कडकवर हाडासारख्या व्हायला लागल्या, खाद्य एकच. आपली नेहमीची प्लास्टिकची प्लेट यातल्या कुठल्याही जेलपेक्षा हजारो पट कडक असते. अस्तर बसतं मऊ पातळ पडद्यावर. विचार करा.

झाल्या एंडोथेलियल हे ओळखायचं कसं?

हा खरा प्रश्न. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नीट बघा.

सोपे पुरावे आधी सांगतो, जे सगळे देतात. सीडी३१ चं स्टेनिंग. चमकणारं एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारा कण) पेशी आत घेतात का. युलेक्स लेक्टिन हे वनस्पतीतलं प्रथिन चिकटतं का. मेट्रिजेल नावाच्या जेलवर जाळी करतात का. आता एकेक करून. सीडी३१ मोनोसाइटवर आणि प्लेटलेटवरही असतं, आणि प्लेटलेटचे बारीक तुकडे कल्चरमधल्या दुसऱ्या पेशींना चिकटून त्यांना सीडी३१ पॉझिटिव्ह "बनवतात" हे दाखवलं गेलंय. एलडीएल मॅक्रोफेज तर आवडीने खातात. म्हणजे सुरुवातीच्या काळात ज्या दोन-तीन टेस्टवर एवढे पेपर उभे राहिले त्या सगळ्या एखादी मॅक्रोफेज आरामात पास होऊ शकते, वाघाचं कातडं पांघरलेलं गाढव.

माझ्यावरच बेतलंय. आमच्याकडे एकदा चौदाव्या दिवशी सुंदर सीडी३१ आलं, आम्ही खूश, फोटोबिटो काढले, आणि मग कुणीतरी सीडी४५ करून बघितलं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्ताच्या. सुरुवातीला न चिकटलेल्या पेशी नीट धुतल्याच नव्हत्या. तीन आठवडे गेले. तेव्हापासून सीडी४५ आणि सीडी१४ आधी, बाकी नंतर.

चांगला पुरावा म्हणजे काय, तर व्हीई-कॅडहेरिन, म्हणजे अस्तर पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रथिन, आणि तेही पेशीभर पसरलेलं नको, दोन पेशींच्या सांध्यावर रेघेसारखं दिसायला पाहिजे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं प्रथिन) नुसता धुरकट नको, बारीक काड्यांमध्ये भरलेला दिसला पाहिजे, त्या काड्या म्हणजे वायबेल-पॅलाडे बॉडीज, १९६४ मध्ये सापडलेल्या, आणि त्या एंडोथेलियलचीच सही आहेत. मग कामाच्या टेस्ट: नायट्रिक ऑक्साइड बनतं का, टीएनएफ हा सुजेचा सिग्नल दिला की ई-सिलेक्टिन, म्हणजे पांढऱ्या पेशींना पकडणारं प्रथिन, वर येतं का, पेशींचा थर गळती अडवतो का. आणि शेवटी उंदरात जेलसोबत टोचून बघायचं की मानवी पेशींच्या नळीतून उंदराचं रक्त वाहतंय का.

कंट्रोल म्हणून बाजूला ह्युवेक ठेवाच. "वाढलं" असं नुसतं म्हणू नका, एमएससीच्या शंभर पट वाढलं तरी ह्युवेकच्या शंभरावा भाग असू शकतं. ही एक ओळ मी रिव्ह्यू करताना जवळजवळ प्रत्येक वेळी लिहितो.

पण मेट्रिजेलवर मस्त नळ्या दिसल्या!

दिसणारच. मेट्रिजेल उंदराच्या ट्यूमरमधून काढतात, त्यात वाढीचे फॅक्टर ठासून भरलेले असतात, आणि त्यावर फायब्रोब्लास्ट आणि काही कॅन्सरच्या पेशीसुद्धा जाळी करतात. बऱ्याचदा ती नळी नसतेच, नुसती दोरी असते. कापून आत पोकळी आहे का ते बघितलंय का?

पंपाने मीडिया फिरवला तर फायदा होतो म्हणतात, खरं का?

हो, आणि माझ्या मते याकडे जितकं लक्ष द्यायला पाहिजे तितकं दिलं जात नाही. धमनीत अस्तरावर साधारण १० ते २० डाइन प्रति चौरस सेंटिमीटर एवढा घसटीचा ताण असतो, शिरेत बराच कमी. खऱ्या अस्तर पेशी या ताणाखाली एक-दोन दिवसांत प्रवाहाच्या दिशेने लांब होऊन रांगेत लागतात आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम वाढवतात. पूर्वज पेशींना ताण दिला की एंडोथेलियल खुणा वाढतात हेही बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. एकदम जास्त फ्लो दिला तर मात्र सगळ्या सुटून नळीत वाहून जातात, टप्प्याटप्प्याने वाढवा.

स्पष्ट सांगा, एमएससी खरंच पूर्ण एंडोथेलियल होते का?

माझं मत: खुणा घेते, पूर्ण होत नाही, निदान नुसत्या मीडियावर नाही. काही जण हे मान्य करणार नाहीत. २००२ च्या सुमारास मॅरोतून मॅपसी नावाच्या पेशी काढून त्यांच्यापासून जवळजवळ काहीही बनतं, अस्तर धरून, असे मोठे दावे झाले होते. दुसऱ्यांना ते तसं जमेना, आकृत्यांवर शंका आल्या, आणि त्यातला नेचरमधला मुख्य पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला.

दुसरीकडे एक गोष्ट फार नीट जमते, ती म्हणजे एमएससी आणि एंडोथेलियल पेशी एकत्र लावणं. २००८ च्या सुमाराला दोन-तीन गटांनी दाखवलं की उंदरात नुसत्या ह्युवेक टोचल्या तर त्यांच्या वाहिन्या लवकर गळून जातात, सोबत मॅरोच्या एमएससी दिल्या तर वाहिन्या कित्येक महिने टिकतात, आणि एमएससी कुठे जाऊन बसतात, तर बाहेरून, पेरिसाइटच्या म्हणजे वाहिनीला बाहेरून बिलगणाऱ्या पेशींच्या जागी. तिचं मूळ घरही तेच असावं, मानवी वाहिन्यांच्या बाहेरच्या पेशी काढून वाढवल्या तर एमएससीसारख्याच वागतात. तर तिला जबरदस्तीने आत ढकलण्यापेक्षा बाहेर बसू द्यावं, असं मला वाटायला लागलंय. कॅप्लन, ज्यांनी १९९१ मध्ये मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं, त्यांनीच २०१७ मध्ये हे नाव बदला म्हणून लिहिलं, कारण या पेशींचं मुख्य काम सिग्नल सोडणं आहे असं त्यांचं म्हणणं.

पेशंटला दिल्यावर काय होतं? ट्रायल झाल्यात ना?

झाल्यात, खूप. बहुतेकांत वेगळ्या केलेल्या अस्तर पेशी नव्हत्याच, मॅरोच्या मिसळीच्या मोनोन्यूक्लियर पेशी होत्या, हे आधी लक्षात घ्या. २००२ मध्ये जपानमध्ये पायाचं रक्त अडलेल्या पेशंटच्या स्नायूत त्या टोचल्या, निकाल आशादायक वाटले. मग २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या जुव्हेंटास ट्रायलमध्ये १६० पेशंटना पायाच्या धमनीतून मॅरोच्या पेशी किंवा प्लासिबो दिलं, पाय वाचण्यात फरक पडला नाही. हार्ट अटॅकनंतरच्या बामी ट्रायलमध्ये ३००० पेशंट घ्यायचे होते, ३७५ च मिळाले, २०२० मध्ये निकाल आला तेव्हा त्यावरून काही ठरवणं शक्यच नव्हतं.

साधी अडचण पण आहे एक. शिरेतून एमएससी दिल्या तर त्या केशवाहिनीपेक्षा जाड असतात, त्यामुळे बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात. पोचल्याच नाहीत तर अस्तर कुठून होणार.

कृत्रिम रक्तवाहिनीला आतून या पेशी लावतात ते?

हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. जपानमध्ये शिनोका आणि सहकाऱ्यांनी जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांना, शरीरात विरघळणाऱ्या नळीवर त्यांच्याच मॅरोच्या पेशी पेरून ती नळी बसवली. मुलांच्या बाबतीत याचा मोठा फायदा म्हणजे वाहिनी मुलासोबत वाढू शकते, प्लास्टिकची वाढत नाही. सगळ्यांना वाटलं पेरलेल्या पेशींचंच अस्तर झालं. मग उंदरांत मानवी पेशी पेरून शोधलं, २०१० चं काम आहे, तर त्या पेशी काही दिवसांतच नाहीशा झालेल्या! त्यांनी जाता जाता सिग्नल सोडले, त्याने मोनोसाइट आले, आणि नंतरचं अस्तर शेजारच्या वाहिनीतून सरकत आलेल्या यजमानाच्या पेशींचं. काही मुलांमध्ये नळी अरुंद होण्याचा त्रास झाला, तेही सांगायला पाहिजे, पण तंत्र चाललं, फक्त ज्या कारणाने चालतंय असं वाटत होतं त्या कारणाने नाही.

मग आयपीएस सेलपासूनच का नाही बनवत?

बनवतात, आणि पेशी खऱ्या एंडोथेलियल हव्या असतील तर आज तोच रस्ता जास्त भरवशाचा. आयपीएस म्हणजे साध्या पेशी मागे नेऊन भ्रूणासारख्या केलेल्या स्टेम सेल. यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर ते केलं, २०१२ चं नोबेल त्यावरच. त्यापासून आठवड्याभरात अस्तर पेशी मिळतात. दुसरा रस्ता म्हणजे ईटीव्ही२ नावाचं जीन थेट चालू करणं, गर्भात हेच जीन अस्तराचा निर्णय घेतं, आणि २०१५ मध्ये फक्त त्या एकाने माणसाच्या त्वचेच्या फायब्रोब्लास्टपासून अस्तर बनवून दाखवलं. तोटे: आयपीएस उरल्या तर ट्यूमरची भीती, आणि वेळ-खर्च. मॅरोच्या पेशींना जीन न बदलता वापरता येतं हा त्यांचा मोठा प्लस.

डोनरचं वय, डायबेटीस याने फरक पडतो का?

पडतो. वय जास्त तसं एमएससी कमी मिळतात आणि लवकर थकतात, डायबेटीसमध्ये पेशी वाहिनी बनवण्यात कमजोर निघतात. वाईट म्हणजे ज्यांना गरज त्यांच्याच पेशी सगळ्यात मरगळलेल्या.

एक क्लिनिक स्वतःच्या स्टेम सेलने ब्लॉकेज साफ करतो म्हणतंय. जाऊ का?

मी डॉक्टर नाही. पण विचारा: ट्रायल रजिस्टर आहे का, ट्रायल असेल तर पैसे कशाचे घेताय, नेमक्या कुठल्या पेशी देताय आणि त्या तपासता कशा. अस्तर बदललं तरी आतला चरबीचा खडा "साफ" होत नाही, ते दोन वेगळे विषय आहेत. उत्तर देताना समोरचा चिडला तर उठून या, आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा.

एकविसावा दिवस आहे, पेशी अजून लांबुळक्याच आहेत. थांबू की फेकू?

आधी केडीआर बघा. सातव्या दिवसापासून अजिबात हलला नसेल तर आणखी आठवडा थांबून काही होत नाही, पॅसेज किती झाला आणि व्हीईजीएफची बाटली किती वेळा वितळवून परत गोठवली ते तपासा, नव्वद टक्के वेळा मला तरी तिथेच सापडलंय. केडीआर आलाय पण व्हीई-कॅडहेरिन नाही, तर एक प्लेट फ्लोवर लावून बघा. आणि फेकायच्या आधी थोड्या पेशी ह्युवेकसोबत मिसळून एका जेलमध्ये लावून ठेवा, खर्च काही नाही.